पळीच्या कपाळावरचं कुंकू

बाईंनी ओल्या कुंकवात अंगठा बुडवला आणि माझ्या उजव्या हातातल्या बाहुलीच्या कपाळावर दाबून धरला. बाहुलीचं डोकं म्हणजे जुनी लाकडी पळी आहे. तिला रंग नाही, रोगण नाही. लाकडानं कुंकू शोषून घेतलं. बाई माइककडे वळून म्हणाल्या, "आजपासून आपली आक्का विधवा राहिली नाही!" मंगल कार्यालय भरून बायका बसल्या होत्या. त्यांनी टाळ्या वाजवल्या. स्टेजवर माझ्यामागं सतरा आक्का ओळीनं उभ्या होत्या, प्रत्येकीच्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू. त्यांनीही टाळ्या वाजवल्या.

एवढ्यानं माझं काही बिघडलं नसतं. शहाणपणाचं सोंग घेतलेली माणसं मी आयुष्यात पुष्कळ पाहिली आहेत. वाईट झालं ते त्याच्या थोडं आधी. अंगठा येताना दिसला तशी बाहुलीनं मान पुढं केली. सवाशीण बाई कुंकू लावून घेताना करते तशी, जरा पुढं, जरा खाली. बाहुलीला मान नसते. तिची मान म्हणजे माझं मनगट. माझ्या कपाळाला चव्वेचाळीस वर्षांत कुणी कुंकवाचं बोट लावलं नव्हतं, आणि तरी ते वाकणं हाताच्या लक्षात होतं. मी हाताला सांगितलं नव्हतं. मी सांगितलं असतं तर त्यानं बाईंचा अंगठा पिरगाळला असता.

ही संकेश्वरची गोष्ट, दोन वर्षांमागची. तिथल्या बायकांच्या मंडळानं हळदीकुंकू ठेवलं होतं आणि त्यातच "आक्कासारखं दिसा" अशी स्पर्धा. मला पाहुणी म्हणून बोलावलं होतं. पाहुणी मी की बाहुली, हे पत्रावर नीट लिहिलेलं नव्हतं.

आक्का कोण ते सांगते, कारण तिची नक्कल करणाऱ्यांनी तिच्याबद्दल इतकं काही सांगून ठेवलं आहे की त्यात खरं काहीच नाही.

नवरा गेल्यावर पंधराव्या दिवशी मी निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला बसले. चौथी शिकलेल्या बाईला दुसरं काय मिळणार? काम म्हणजे पाल्यातल्या काड्या वेचायच्या आणि चुरा चाळायचा. चाळायला लागलं की समोरची बाई दिसत नाही एवढी धूळ. म्हणून आम्ही सगळ्याजणी पदर नाकातोंडावरून आवळून मागं गाठ मारायचो. नुसते डोळे उघडे. मुकादमाला बायकांचं बोलणं चालायचं नाही. बोललं की हात थांबतो असं त्याचं म्हणणं. त्याचे हात कधी चाललेले मी पाहिले नाहीत, तोंड मात्र थांबत नसे.

एकदा मोडक्या दांड्याची पळी मी घरून आणली, चुलीत घालण्यापेक्षा चाळणीखाली टेकू द्यायला बरी म्हणून. जेवणाच्या सुट्टीत तिची पाठ वर करून बघितली तर ती मला एखाद्या म्हातारीच्या तोंडासारखी दिसली. बिब्ब्यानं दोन डोळे काढले. बिब्बा बोटाला लागून फोड आला, तो आठ दिवस होता. बारदानाचा ताग काढून केस लावले. लुगड्याचा फाटका तुकडा दांड्याला गुंडाळला आणि त्यात हात घातला. झाली बाहुली. कला वगैरे काही नाही. माझ्या शेजारी बसणारी बाई होती, तिला मी जोडीदारीण म्हणते, कारण एकवीस वर्षं एकाच चाळणीची दुसरी कड तिच्या हातात होती. ती म्हणाली, "हिला टिकली लावतो गं, भुंडं कपाळ बरं दिसत न्हाय." मी म्हटलं, "ऱ्हाऊ दे. दोघी सारख्या."

एवढंच. त्यामागं विचार नव्हता. मी तशी होते, म्हणून ती तशी.

त्या दिवशी दुपारी मुकादम आला. कुणीतरी हसलं म्हणून ओरडला, "कोण दात काढतंय?"

मी पदराआडून, आवाज बदलून बोलले आणि पळी हलवली. "मी काढत्येय. मला दातच न्हाईत म्हणून काढाय सोपं जातंय."

सगळ्यांची तोंडं बांधलेली. ओठ कुणाचे हलले ते त्याला कळेना. तो पळीकडे बघून म्हणाला, "गप बस गं थेरडे."

"तू गप बस रं. काम करतंस का नुसतं वारं घालतंस?"

"तुझी मजुरी कापीन!"

"काप की. मला कुठं मजुरी हाय?"

वखारभर बायका पदरात तोंड घालून खिदळत होत्या, आणि हा दाढीमिशांचा माणूस एका पळीशी भांडत होता. पुढं त्याला त्याची सवय झाली. आम्हाला काही सांगायचं असलं की तो पळीला सांगायचा, आणि आम्हाला काही हवं असलं की पळी मागायची. पिण्याच्या पाण्याचा माठ आम्हाला पळीनं मिळवून दिला. आम्ही तोंडानं सहा महिने मागत होतो.

खोकल्याचंही सांगायला हवं, कारण त्यावरच सगळ्या नकलाकारांची पोटं भरली आहेत. वखारीत सात-आठ वर्षं झाल्यावर मला खोकला लागला. बोलता बोलता यायचा. आला की आवाज फुटून माझा मी उघडी पडायचे. म्हणून खोकला आला की मी पळीची मान खालीवर हलवायचे, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं तीच खोकली. माझा खोकला मी तिच्यावर ढकलला. लोकांना ते आवडलं. मला आवडण्याचा प्रश्न नव्हता, छाती दुखायची.

वखारीतून बाहुली बायकांच्या सभेत गेली. तिथून गणपतीच्या मांडवात, बोरगावच्या जत्रेत, शाळांच्या गॅदरिंगला. कार्यक्रमातही मी तोंडाला पदर बांधूनच बसायचे, कारण त्याशिवाय मला ते येत नाही. ओठ न हलवता बोलणारे कलाकार असतात म्हणे. असोत. मला धुळीनं शिकवलं, तेवढंच मला येतं. पोरं "आक्का आली, आक्का आली" म्हणून पुढं धावायची. मला कुणी हाक मारत नसे. त्याचं मला वाईट वाटलं नाही. हाक मारली की काहीतरी काम सांगतात.

मग मोबाइल आले. साताठ वर्षांमागं कुणीतरी आक्काचं बोलणं मोबाइलवर घेतलं. आक्का बसमध्ये खिडकीची जागा अडवून बसलेल्या गड्याला उठवते, ते. ते इतक्या जणांनी बघितलं की बेळगावच्या एका लग्नात मला अनोळखी बायकांनी त्यातलं माझंच बोलणं म्हणून दाखवलं, तेही चुकीचं.

आणि मग आक्का निपजायला लागल्या.

पहिली शाळेतली एक पोरगी. फॅन्सी ड्रेसमध्ये आक्का झाली होती, गालांना मातकट रंग, केसांना कापूस. मला खरं सांगायचं तर त्या वेळी बरं वाटलं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिच्या कपाळावर मोठं कुंकू होतं. मी विचारलं, "हे कशाला गं?" पोरगी काही बोलायच्या आधी तिची आई म्हणाली, "अवो मावशी, मोकळ्या कपाळानं पोरीला घराबाहेर कसं काढायचं? अशुभ असतंय." मी गप्प बसले. माझी पहिली चूक तीच. तिथंच तिला म्हणायला हवं होतं, मग हिला दुसरं काहीतरी कर, फुलकोबी कर.

कारण त्या एका कुंकवाचं पाहून दुसरीनं लावलं, दुसरीचं पाहून तिसरीनं. आपल्याकडं असंच चालतं. जिवंत बाईचं कपाळ पुसायला कुणाला अशुभ वाटत नाही. सोंगातलं कपाळ मोकळं ठेवायला मात्र हात थरथरतात. आक्काला आधी कुंकू आलं, मग हिरव्या बांगड्या, मग नथ. बोरगावच्या जत्रेत प्लॅस्टिकची आक्का विकायला आली. पोट दाबलं की खोकायची. गळ्यात मंगळसूत्र. चीनमध्ये बनलेली असणार. तिथं बसून कुणीतरी ठरवलं की म्हातारीचा नवरा जिवंत आहे. जोडीदारीण म्हणाली, "बघ, तुझ्या बाहुलीचं कसं भलं झालं. तुला न्हाय गावला, तिला गावला." तिची जीभ अशीच आहे. तिच्याशी माझं पटतं ते त्यामुळंच.

सगळ्यांत नाव काढलं ते बेळगावजवळच्या मच्छे गावच्या एका गड्यानं. तिथल्या कारखान्यात मशीनवर काम करतो, आणि उरलेल्या वेळात नऊवारी नेसून आक्का होतो. बाहुली हातात घेत नाही, स्वतःच बाहुली होतो. मान झटके देत हलवतो, हातपाय लाकडासारखे धरतो, दर दुसऱ्या वाक्याला खोकतो आणि खोकताना लुगडं सावरतो. मराठीत करतो, कन्नडमध्येही करतो. मोबाइलवर त्याला खरी आक्का समजणारे हजारो आहेत. एकदा माझ्याच गल्लीतली एक सून मला म्हणाली, "आजी, तुमची बाहुली त्या आक्कावरनं केलीया न्हवं?" मी तिला म्हटलं, "व्हय, आणि माझी आई माझ्यावरनं केलीया." तिला ते कळलं नाही. ती हसली आणि आत गेली.

त्या गड्याबद्दल नंतर कळलं ते असं. पहिल्यांदा तो मोकळ्या कपाळानंच करणार होता, मी करते तसं. पण लुगडं नेसून उंबऱ्याबाहेर पाऊल टाकताना त्याच्या आईनं त्याला धरून कुंकू लावलं. "गडी असलास म्हणून काय झालं? लुगडं नेसलंस न्हवं? भुंड्या कपाळानं दारातनं जाऊ नकोस." त्यानं लावून घेतलं. त्या म्हातारीचं कपाळ तेव्हा मोकळं होतं. तीही विधवाच. मला वाटतं, ह्या सगळ्या प्रकारात शहाणं म्हणावं असं एकही माणूस नव्हतं.

आता संकेश्वर. आम्ही दोघी निपाणीहून बसनं गेलो. पिशवीत आक्का, पदराच्या फडक्यात गुंडाळलेली. मंगल कार्यालयाच्या दारात दोन पोरी हळदकुंकू घेऊन, एक गजरे घेऊन आणि एक गुलाबपाणी घेऊन उभ्या होत्या. जोडीदारणीला हळदकुंकू लावलं, गजरा दिला. माझ्यापाशी आल्यावर कुंकवाची पोर थांबली, माझ्या कपाळाकडं बघितलं आणि हात तसाच पुढं, माझ्या मागच्या बाईकडं नेला. गुलाबपाणी मात्र उडवलं. गुलाबपाण्याला नवरा लागत नसावा. असं शेकडो दारांत झालं आहे, प्रत्येक ठिकाणी थांबत बसले असते तर म्हातारी व्हायला वेळ मिळाला नसता.

मंडळाच्या मुख्य बाई शाळेत शिक्षिका होत्या. गोऱ्या, चष्मा, कडक इस्त्रीची साडी. बोलणं गोड. त्यांनी मला स्टेजवर खुर्ची दिली. मागं स्पर्धेतल्या आक्का येऊन उभ्या राहिल्या. सतरा. पोरी होत्या, सुना होत्या, एक बँकेत काम करणारी बाई होती, एक कन्नड घरातली आजीबाई होती आणि मच्छ्याचा गडीही होता, पाहुणा म्हणून. सगळ्यांना कुंकू, सगळ्यांना नथ. कुणाच्याही तोंडाला पदर बांधलेला नव्हता. नथ झाकली जाते ना.

परीक्षक म्हणाले, "आता सगळ्या आक्कांनी एकदम खोकायचं! एक, दोन, तीन!"

सतरा जणी खोकल्या. नाजूक, लांब, लाडिक, सुरात. बँकेतल्या बाईनं तर खोकताना डोळे मिचकावले. खाली हशा आणि शिट्ट्या. गंमत अशी की त्याच वेळेला मला खरा खोकला आला. पदराआड तोंड दाबून मी खोकले. माझा कुणाला ऐकू गेला नाही.

मग फोटो काढायचा ठरला. फोटोवाला म्हणाला, मधली बाहुली वेगळीच दिसते, ह्यांच्यातली वाटत नाही. बाई माझ्याजवळ आल्या, खाली वाकल्या. "मावशी, फोटोत सगळ्या सारख्या दिसायला हव्यात ना. आणि किती छान संदेश जाईल बघा." संदेश! मी काय म्हणते ते ऐकायला त्या थांबल्या नाहीत. एका पोरीच्या हातातलं कुंकवाचं ताट घेतलं, माइक घेतला, बुरसटलेल्या रूढींवर पाच-सहा वाक्यं बोलल्या. पाठ केलेली असणार, श्वास घ्यायच्या जागाही ठरलेल्या होत्या. आणि अंगठा पुढं आला. आणि माझ्या हातानं मान पुढं केली.

टाळ्या थांबेपर्यंत मी त्या लाल डागाकडं बघत होते. मग आक्कानं मान वळवली, आधी बाईंकडं, मग माझ्याकडं. आणि ती बोलली.

"बाई, मला लावलंस. हिला का न्हाय?"

हशा पिकला. पहिल्या रांगेतल्या बायका एकमेकींच्या मांडीवर थापा मारून हसत होत्या. बाईही माइकमध्ये हसल्या. "आपली आक्का कित्ती मिस्कील आहे बघा!"

आक्का पुन्हा म्हणाली, "मिस्कील न्हाय. इचारत्येय. मी पळी हाय. ही बाई हाय. दारात हिला सोडून तुझ्या पोरी म्होरं गेल्या. का?"

आणखी मोठा हशा. मागच्या सतराजणीही हसत होत्या. मला तेव्हा कळलं की ही आता काहीही बोलली तरी हे हसणार. मुकादम तिच्याशी भांडायचा, कारण ती काय बोलते ते त्याला कळायचं. तो दांडगट होता, पण त्याला कान होते. ह्या शिकलेल्या बायकांना नुसते हात होते, टाळ्या वाजवायला.

मी तोंडावरचा पदर सोडला. एवढ्या वर्षांत लोकांसमोर, बाहुली हातात असताना मी तो कधी सोडला नव्हता. बाहुली मांडीवर आडवी ठेवली आणि माझ्या आवाजात म्हणाले, "बाई, तिनं इचारलं ते मी इचारत्येय. मला लावा की."

माइक माझ्यापासून लांब होता. पुढच्या दोन रांगांना ऐकू गेलं. त्या दोन रांगा गप्प झाल्या. मागच्या अजून हसतच होत्या, त्यांना वाटलं खेळ चालू आहे.

बाईंनी अंगठा कुंकवात घातला. एवढं मी कबूल करते, घातला. मग त्यांची नजर पहिल्या रांगेत बसलेल्या वयस्क बायकांकडं गेली. त्यातली एक त्यांची सासू होती असं मागाहून कळलं. तिनं मान हलवली नाही, भुवई उचलली नाही, काही केलं नाही. नुसती बघत होती. बाईंचा अंगठा ताटात तसाच राहिला.

"मावशी, तुमच्या भावना दुखावतील," त्या हळूच म्हणाल्या, "म्हणून मी..."

"माझ्या भावना मधी कशाला घालतीस? लावायचं असंल तर लाव, न्हायतर ताट बाजूला घे. लाकडाकडनं निरोप धाडू नको."

त्यांनी ताट बाजूला घेतलं.

मला कुंकू लावून घ्यायची हौस होती असं कुणी समजू नये. लावलं असतं तर मी घरी येऊन धुऊन टाकलं असतं. मला फक्त बघायचं होतं, त्यांच्या अंगठ्याला लाकूड आणि कातडं यातला फरक कळतो का. कळत होता. चांगलाच कळत होता.

बक्षीस बँकेतल्या बाईला मिळालं, डोळे मिचकावून खोकणारीला. कन्नड घरातली आजीबाई जाताना माझ्यापाशी थांबली. तिनं स्वतःच्या कपाळावरचं सोंगाचं कुंकू पदरानं पुसलं होतं. खाली कपाळ मोकळंच होतं. "अज्जी," ती मला म्हणाली, तिचं माझं वय सारखंच असेल, "नातीनं लावलं होतं. तेवढाच एक दिवस." आणि गेली. त्या सतरांतल्या तिच्याएवढा राग मला कुणाचा आला नाही. तीच माझ्या सगळ्यांत जवळची होती, आणि तिनंही माझ्या आक्काचं तोंड लावून आपलं कपाळ लपवलं होतं. घरी आल्यावर राग गेला. कपाळ लपवायला तिला माझीच बाहुली सापडावी, याची चीड मात्र अजून आहे.

बस स्टँडवर मच्छ्याचा गडी भेटला. लुगडं पिशवीत, अंगावर पँट, कपाळावर कुंकवाचा वण. आमच्या बाकावर येऊन बसला.

"आजी, आज लई झालं तुमचं. पण खरं सांगू का? मधनंच तोंड उघडायचं न्हाय. पब्लिक हसत होतं, तुम्ही तोडलासा."

जोडीदारीण म्हणाली, "तुला हसण्याची लई काळजी रं बाबा. घरात हसत न्हाईत काय?"

तो हसला. मुळात वाईट नसावा. जरा जवळ सरकून म्हणाला, "आजी, एक इचारू? तो खोकला तुम्ही कुठनं काढतासा? मी लई प्रयत्न केला, तसा खोल येत न्हाय."

"तंबाखूच्या वखारीत तीस वर्षं बस. आपोआप येतोय."

त्याला ते फार आवडलं. दोनदा म्हणून बघितलं. चारच दिवसांनी गल्लीतल्या त्याच सुनेनं मला मोबाइलवर दाखवलं. तो आक्काच्या सोंगात, नथ घालून, कुणाला तरी म्हणत होता, "वखारीत तीस वर्षं बस, आपोआप येतोय!" आणि खोकत होता. खाली हजारो लोकांनी हसण्याची तोंडं टाकली होती. तो वखारीत तीस मिनिटंसुद्धा बसलेला नाही. त्याच्या कारखान्यात धूळ ओढून घेणारं मशीन आहे म्हणे.

बसमध्ये मी जोडीदारणीला विचारलं, "बाहुलीची मान पुढं गेली, ती तू बघितलीस?"

"बघितली."

"मला वाटलं, बाईनं वडली."

"बाईनं न्हाय वडली. तूच वाकवलीस." मग खिडकीबाहेरच्या उसाकडं बघत ती म्हणाली, "मला लावताना मी बी तशीच वाकतो. हात कुठं इचारतोय आपल्याला?"

घरी आल्यावर मी कुंकू काढायला घेतलं. राखेनं घासलं, चिंचेनं घासलं. लाकडानं पिऊन टाकलेलं होतं, वर काही उरलंच नव्हतं. शेवटी फुटक्या काचेनं खरवडलं, सुतार लाकूड गुळगुळीत करतात तसं. लाल भाग निघाला, त्याबरोबर लाकडाचा पापुद्राही निघाला. आता आक्काच्या कपाळावर एक फिकट खळगा आहे. कुंकू पुसलेल्या बाईच्या कपाळावर पहिले काही महिने असतो तसाच फिकट गोल. माझ्याही होता. मी तो कसा दिसतो हे विसरले होते.

त्यानंतर मी आक्का जिथं तिथं नेणं बंद केलं. जिथं तिच्यासारख्या दिसणाऱ्या उभ्या करणार असतील तिथं जात नाही, मग कुणी कितीही गोड पत्र लिहो. शाळेत जाते. गेल्या वर्षी बोरगावजवळच्या एका शाळेत गेले होते. पोरं खाली बसलेली, त्यातल्या चार-पाच पोरी खोकून दाखवत होत्या, मोबाइलवर बघून शिकलेल्या. मी पदर बांधला, आक्का वर काढली. एका पोरीनं लगेच विचारलं, "आक्का, तुझं कुंकू कुठाय? तुझा नवरा मेला?"

गुरुजी तिला दटावायला लागले. आक्कानं त्यांना गप्प बसवलं आणि पोरीला म्हणाली, "माझा कुठला नवरा? मी पळी हाय. मला आमटी वाढायला केली होती."

पोरं हसली. ती पोरगी नाही हसली. "मग कुणाचा मेला?"

मी पदर सोडला आणि बाहुली खाली ठेवली. संकेश्वरला सोडला तेव्हा राग होता. ह्या खेपेला राग नव्हता, पोरीनं सरळ विचारलं होतं म्हणून सरळ सांगायचं होतं. जे सांगितलं ते इथंही लिहिते, म्हणजे पुढं कुणी सोंग आणलं तर त्याला निदान माहीत असावं की कुणाचं आणलं.

नवरा मेला तो माझा. वखारीत पोती उचलायचा. ताप आला आणि तीन दिवसांत गेला. मी एकोणतीस वर्षांची होते, दोन मुली होत्या, धाकटी अंगावर पीत होती. तेराव्या दिवशी त्याच्या बहिणींनी माझं कुंकू पुसलं आणि मी मान पुढं केली. पंधराव्या दिवशी मी चाळणीवर बसले आणि तीस वर्षं बसले. खोकला तिथला आहे. आक्काचं हे सगळं माझ्यावर गेलं आहे.